दगड, खांब आणि ‘बेसिक’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

देव बदलत नाही, बाहेरून कुणी त्याला दुःख देऊ शकत नाही, असं मांडणाऱ्या ‘अविकारी देव’ या माझ्या मागच्या लेखावर एक प्रतिक्रिया आली आहे. लहानशीच आहे, म्हणून आख्खी देतो:

“काका, लेख वाचला. ज्याला दुःख होत नाही, राग येत नाही, जो कशानंही हलत नाही, तो देव कसला, तो तर दगड. हा बायबलमधला देव नाही, हा ॲरिस्टॉटलचा देव आहे, तुम्ही फक्त त्याच्या गळ्यात क्रूस अडकवलाय. लाजराच्या कबरीपाशी येशू रडला ते विसरलात का? मोल्टमान वाचा. आणि ख्रिस्ताच्या दोन स्वभावांचा ठराव 431 चा नाही, 451 चा आहे. बेसिक तरी नीट करा.”

खाली नाव नाही. नुसतं ‘एक लातूरकर’. (मोल्टमान म्हणजे देवालाही दुःख होतं असं मांडणारा जर्मन धर्मशास्त्री.)

आधी चूक कबूल करतो. 431 ची चर्चची परिषद एफेससची. तिथं मरियेला ‘देवमाता’ म्हणावं की नाही यावर रण माजलं होतं. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन्ही स्वभाव एकमेकांत न मिसळता आणि एकमेकांपासून न तुटता, हा ठराव खाल्केदोनच्या परिषदेचा, 451 चा. लेख चढवायच्या रात्री लाईट गेली, मोबाईलवर दुरुस्त्या करत बसलो आणि दोन्हीकडं एकच आकडा पडला. सबब सांगत नाही, झालं ते सांगतो. चूक दाखवलीत, आभारी आहे.

आता ‘काका’. पन्नाशी ओलांडली आहे, त्यामुळं काका म्हणायला हरकत नाही. पण आपल्याकडं काका दोन प्रकारचे असतात. एक, ज्याच्या दिवाळीला पाया पडतात. दुसरा, ज्याला ऑटोवाला ‘काका, सरका जरा’ म्हणतो. तुमचा काका दुसरा आहे, हे कळायला धर्मशास्त्र शिकावं लागत नाही. आणि ‘बेसिक तरी नीट करा’ हे तर अतीच झालं. मी शाळेत शिकवतो. ज्या पोराला दोन अंकी वजाबाकी येत नाही, त्याच्या वहीवरसुद्धा मी असा शेरा मारत नाही. मुद्दा बरोबर असला म्हणजे कसंही बोलायची मुभा मिळते, असं हल्ली सगळ्यांनाच वाटायला लागलं आहे. असो.

तुमचं एकच वाक्य मला खरं लागलं. दगड.

हा दगड तुम्हाला माझ्याच लेखातून सापडला असणार. मी थॉमस अक्विनासचा दाखला दिला होता. तेराव्या शतकातला हा ख्रिस्ती धर्मशास्त्री म्हणतो, खांबाच्या भोवती जनावर फिरलं तर खांब कधी त्याच्या उजवीकडं येतो, कधी डावीकडं. बदल जनावरात झालेला असतो, खांबात नाही. मी लातूरच्या स्टँडवरचा खांब घेतला होता. एसटीतून उतरलात, चहाच्या टपरीला वळसा घातलात, खांब डावीकडचा उजवीकडं झाला, पण खांब होता तिथंच आहे. दाखला थंड आहे हे मान्य. पण थॉमसला त्यातून एवढंच सांगायचं होतं की देवाचं आणि सृष्टीचं नातं जुळतं तेव्हा बदलायचं असतं ते सृष्टीनं. देव खांबासारखा मुका असतो, असं तो कुठंच म्हणत नाही. उलट त्याच देवात प्रेम असतं, असं तो त्याच ग्रंथात स्वतंत्र प्रकरण घालून सांगतो.

आणि दगडाचंच म्हणाल, तर साहेब, दगडाइतकी बिचारी वस्तू जगात दुसरी नाही. उन्हानं तो तापतो, पाण्यानं झिजतो, सुरुंगानं फुटतो, पाथरवट बसवील तिथं गप बसतो. त्याला जे काही होतं ते दुसऱ्यानं केल्यामुळं होतं, स्वतःहून तो काहीच करत नाही. अविकारी देवाचं बरोबर उलटं आहे. त्याला कुणी काही ‘करू’ शकत नाही, कारण त्याच्यात अर्धवट राहिलेलं, कुणीतरी येऊन पुरं करावं असं काहीच शिल्लक नाही. थॉमस त्याला निव्वळ क्रिया म्हणतो. तुम्हाला दगड आणि देव सारखे दिसले कारण दोघंही हलत नाहीत. बंद पडलेला पंखा आणि भरधाव फिरणारा भोवरा, दोन्ही लांबून स्थिरच दिसतात हो.

थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. आज आपण ‘निर्विकार चेहरा’ म्हणतो तो पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या माणसाचा. पण विकार म्हणजे मुळात बदल, आणि त्यातूनच बिघाड, हृदयविकारातला. मूळ धरून नसलेला, बाहेरून येऊन जडलेला बदल. ज्याला विकार नाही त्याला प्रेम नाही, हे म्हणजे ज्याला हृदयविकार नाही त्याला हृदयच नाही म्हटल्यासारखं आहे.

हे मी इंग्रजी पुस्तकातून उचललेलं नाही, म्हणून घरचं सांगतो. माझी आजी जालन्याची, मिशनच्या शाळेत शिकलेली. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जिथं काम उभं केलं आणि बेथेल गाव वसवलं, तोच हा स्कॉटिश मिशनचा मुलूख. 1647 सालची वेस्टमिन्स्टरची लहान प्रश्नोत्तरावली आजीला तोंडपाठ होती. देव काय आहे, हा तिच्यातला चौथा प्रश्न. आजी ज्वारीच्या भाकरी थापता थापता उत्तर म्हणायची: देव आत्मा आहे, अनंत, सनातन, अविकारी. ‘अविकारी’ला थाप जरा जोरात बसायची. ॲरिस्टॉटलचं नावही तिनं ऐकलेलं नव्हतं.

आणि आता किल्लारीचा भूकंप. हे मी सहसा लिहीत नाही.

30 सप्टेंबर 1993. मी एकोणीस वर्षांचा, लातूरला होस्टेलवर. आदल्या दिवशी गणपती बुडवून पोरं उशिरा झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला खाटा सरकल्या, गॅलरीतल्या बादल्या एकमेकींवर आपटायला लागल्या. सकाळी सांगोवांगी कळलं आणि आम्ही नऊ-दहा पोरं एका टेम्पोत बसून निघालो. सात हजारांवर माणसं गेली, हा आकडा पुढं पेपरात वाचला. त्या दिवशी आकडा नव्हता, ढीग होते. तिकडची घरं तुम्ही पाहिली असतील, नसतील तर सांगतो. हातभर जाड भिंत, दगड आणि माती, सिमेंटचा पत्ता नाही, आणि वर मातीचं माळवद, दरसाल पाऊस गळू नये म्हणून आणखी माती टाकून टाकून जड झालेलं. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. पहार, घमेलं आणि हात, एवढीच आमची अवजारं. दुसऱ्या दिवशी बोटांची सालटं निघाली होती. दगड काय असतो हे मला तुम्ही सांगू नका.

तिथं बाहेरून आलेला एक उपदेशक होता. भला माणूस, नाव लिहीत नाही. एक म्हातारी उंबऱ्यावर बसलेली, उंबरा तेवढा शाबूत, मागं घर नाही. दोन नातवंडं गेली होती. तो तिच्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, “आजी, देवसुद्धा आज तुमच्याबरोबर रडतोय.” तुमचा मोल्टमानच बोलला म्हणा. म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, “त्याला बी रडू आलंय व्हय? मंग आमाला कुनी धरावं?”

ती ख्रिस्ती नव्हती. तिला धर्मशास्त्र माहीत नव्हतं. पण अविकारी शब्दाचा अर्थ मला तिथं लागला, आणि पुढं बत्तीस वर्षांत एकाही पुस्तकानं तो पुसला नाही. तुम्ही तेव्हा जन्मला होता की नाही, मला ठाऊक नाही. लिहिण्याच्या धाटणीवरून नसावात.

बाकीचे मुद्दे उरकतो. येशू रडला हे मी विसरलेलो नाही, बायबलमधलं ते वाक्य इतकं छोटं आहे की विसरायला जागाच नाही. पण गंमत बघा, जो ठराव 451 चा म्हणून तुम्ही माझा कान पकडता, त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे! रडला तो खराखुरा देवाचा पुत्रच, पण रडला माणसाच्या स्वभावानं. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल तर त्याच्याही आधी म्हणून गेला की ज्याला दुःख शिवत नाही त्यानंच देह घेऊन दुःख सोसलं. साल पाठ करण्याआधी ठराव वाचला असता तर बरं झालं असतं.

ॲरिस्टॉटलबद्दल एवढंच: त्याचा देव जग निर्माण करत नाही, फक्त स्वतःचं चिंतन करत बसतो. माझ्या लेखात तो कुठं आहे दाखवा. आणि बायबलचाच हवाला हवा असेल तर 1 शमुवेल 15 उघडा. अकराव्या ओवीत शौलाला राजा केल्याचा देवाला पस्तावा होतो आणि एकोणतिसाव्या ओवीत सांगितलंय की पस्तावा करायला तो काही माणूस नाही. लिहिणाराला हे दिसत नव्हतं असं थोडंच आहे. तुम्ही मात्र अकरावीला थांबलात.

मोल्टमान. वाचलाय, निम्मा. 1943 मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्ब पडले तेव्हा त्याच्या शेजारी उभा असलेला मित्र गेला आणि तो वाचला. तिथून निघून तो 1972 पर्यंत क्रूसावरच्या देवाच्या दुःखाशी आला. त्याचं हॅम्बुर्ग आणि माझं किल्लारी यांत खरं कुणाचं, असं तुम्ही विचाराल. त्यावर वेगळं लिहावं लागेल, आणि ते मी ‘बेसिक’ म्हणणाऱ्याला उत्तर देण्याच्या भरात लिहिणार नाही.

लेखात 431 च्या जागी 451 केलं आहे. दुरुस्तीखाली तुमचं नाव टाकणार होतो, पण ते तुम्ही दिलेलं नाही.