कावेरीतला लोणावळ्याचा मासा

जुलै उजाडला की फेसबुकवर तो ठरलेला फोटो येतो. धरणाचा काठ, मागे बॅनर, कुणीतरी मान्यवर वाकून प्लॅस्टिकच्या पिशवीतली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, पाण्यात सोडतायत. खाली नमस्कारांची रांग. मी तिथे विचारतो, हे बीज (सोडायची पिल्लं) कुठल्या नदीचं? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं : "देशीच आहे हो, रोहू-कटला!"

रोहू, कटला, मृगळ हे मुळात गंगेकडचे. भीमेत ते पोहत आलेले नाहीत, आपण आणून सोडलेत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरींनी या माशांना पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन साठलेल्या पाण्यात अंडी घालायला लावली. त्याआधी बीज नदीतूनच गोळा करावं लागे. पुढे हॅचऱ्या, म्हणजे बीज तयार करणारी केंद्रं निघाली, बीज ट्रकने गावोगाव गेलं, शेततळ्यात मासा आला. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन झाला तो त्यामुळेच, आणि माझा त्यालाही नमस्कार आहे. शेततळ्यात काय वाढवायचं ते शेतकऱ्याने ठरवावं. माझं भांडण नदीपुरतं आहे.

माशाच्या दृष्टीने भारत नावाची काही जागा नसते. त्याला खोरं कळतं. गोड्या पाण्याच्या माशाला कृष्णेतून कावेरीत जायचं तर मधला डोंगर चढता येत नाही, आणि समुद्रातून वळसाही घालता येत नाही. लाखो वर्षं असंच चाललं म्हणून प्रत्येक खोऱ्याची स्वतःची मासळी तयार झाली. ही सरमिसळ आपण काही दशकांत करून टाकली, आणि चांगल्या हेतूने केली.

त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या लोणावळ्यातून सुरू होतं. खडस, म्हणजे दख्खनचा महसीर. महसीर हे नद्यांतले मोठे मासे, प्रत्येक भागाचा वेगळा. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. धरणं आणि बेसुमार मासेमारीने तो कमी होत चालला, तेव्हा १९७० च्या दशकात टाटांच्या लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात त्याचं कृत्रिम प्रजनन जमवलं गेलं. काम खरंच मोठं होतं. इथवर सगळं छान.

पण ती पिल्लं देशभर वाटली गेली. कावेरीतही सोडली गेली. आता कावेरीचा स्वतःचा महसीर होता : पाठीवर उंचवटा, नारिंगी पर, अवाढव्य. १९४६ साली त्या खोऱ्यात एक ५४ किलोचा गळाला लागला होता. जगभरचे गळकरी त्याच्यासाठी कर्नाटकात यायचे. पकडायचा, मोजायचा, परत सोडायचा, आणि वहीत लिहायचं. त्या वह्या पुढे शास्त्रज्ञांनी तपासल्या, तर निळसर परांचा, बाहेरून आलेला खडस वाढत गेलेला आणि कुबडवाला दुर्मिळ होत गेलेला दिसला. इतका प्रसिद्ध मासा, पण त्याचं शास्त्रीय नाव पक्कं व्हायला २०१८ साल उजाडलं : टोर रेमादेवी. आणि नाव मिळालं त्याच वर्षी आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणूनच दाखल झाला. वाळूउपसा, धरणं, सुरुंग लावून होणारी मासेमारी ही कारणंही आहेतच, सगळं पाप खडसाच्या माथी मारू नये. तो बिचारा इंद्रायणीत असता तर घरचा मासा होता. त्याला तिथे नेला कुणी?

म्हणून "परदेशी मासे हटवा" ही आरोळी मला अर्धवट वाटते. परदेशी मासे त्रास देतात हे खरंच. मूळ आफ्रिकेतली तिलापिया १९५२ साली भारतात आणली. उजनीच्या काठी तिला चिलापी म्हणतात. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते, घाण पाण्यातही तगते. याउलट आपल्या कितीतरी माशांना वाहतं पाणी लागतं आणि पावसाळ्यातच एकदा वीण. धरण बांधून पाणी आपणच अडवलं, शहरांचं सांडपाणी आपणच सोडलं. चिलापीने फक्त संधी साधली. आज भिगवण-इंदापूरच्या कित्येक मच्छीमार घरांची चूल तिच्यावर चालते, तेव्हा "चिलापी संपवा" असं पुण्यात बसून लिहायला मला लाज वाटेल. उजनीत ती राहणार आहे. अजून हातात असलेलं म्हणजे घाटातले ओढे, उगमाकडचे डोह आणि देवाच्या नावाने राखलेली पाण्याची ठिकाणं, जसं महाडजवळचं वाळणकोंड. तिथे बाहेरचा एक मासाही जाता कामा नये.

सकर माशाला मात्र कुणी वाली नाही. दक्षिण अमेरिकेतला हा 'काच साफ करणारा' मासा घरच्या टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला नदीत 'मुक्त' करतात. अंगावर चिलखत, परांना काटे. जाळ्यात अडकला की जाळं फाडतो, बाजारात विकला जात नाही. विणीसाठी काठात बिळं पाडतो ते वेगळंच. आफ्रिकन मांगूर या बाहेरून आलेल्या मांसाहारी माशावर केंद्राने २००० साली बंदी घातली, तरी लपूनछपून पाळला जातोच, आणि पुरात तळं फुटलं की तो नदीत.

गप्पी या बाहेरून आणलेल्या चिमुकल्या माशाचंही तेच. डासांच्या अळ्या खायला बंद हौदात, पाण्याच्या टाकीत सोडा, कुणाची ना नाही. पण उत्साहाच्या भरात ती ओढ्यात आणि कुंडातही पडते. कोकणातल्या ओहोळात डासांच्या अळ्या खाणारा, डोक्यावर चमकता ठिपका असलेला छोटा मासा आधीपासून आहे. त्याचं काम काढून गप्पीला देण्यात काय शहाणपण?

तर यंदा कुणी मत्स्यबीज सोडायला बोलावलं, तर फोटोआधी एवढं विचारा : हा मासा याच खोऱ्यातला आहे का? आणि घरचा फिशटँक मोडायचा असेल तर मासे दुकानदाराला परत द्या, मित्राला द्या. दोघंही नको म्हणाले तर मला मेसेज करा, माझी एक टाकी रिकामी आहे. सकर मात्र एकच घेईन. तो फुटाच्या वर वाढतो.