ससा की तितर?

सोलापुरात चाळिशी उलटलेला माणूस सायकलच्या दुकानात शिरला की दुकानदार आधी त्याच्या पोटाकडे बघतो. माझ्याही बघितलं. मग मयताला आल्यासारखा आवाज काढून म्हणाला, "शुगर का?"

"नाही."

"मग बीपी. डॉक्टरांनी सांगितलं असंल."

मला कुठल्याही डॉक्टरांनी काहीही सांगितलेलं नव्हतं. मला नान्नजच्या माळावर जायचं होतं, एवढंच. बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर नान्नज, आणि त्याच्या अलीकडं-पलीकडं अभयारण्याच्या कडेकडेनं मुरमाच्या गाडीवाटा. तिथं काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगा दिसतो आणि पूर्वजन्मीचं पुण्य असेल तर माळढोक. मोटारसायकलवर गेलं की फटफट ऐकून काळविटं आधीच क्षितिजावर. चालत जावं तर दहा वाजताच मुरूम तव्यासारखा तापतो. म्हणून सायकल. गळ्यात दुर्बीण, पाठीवर कॅमेरा, असा साधा बेत होता.

हे सगळं दुकानदाराला सांगायला हवं होतं. पण त्या 'शुगर का'नं डोकं फिरलं होतं. या गावात १८७७ साली, आज जिला जुनी गिरणी म्हणतात ती कापडगिरणी सुरू झाली. पुढं कैक वर्षं गिरण्यांचा भोंगा झाला की हजारो माणसं सायकलवर कामाला निघायची. त्यांच्यातल्या एकालाही कुणी विचारलं नाही की बाबा, तुझी शुगर किती. आज सायकल मागणारा एक तर आजारी नाही तर कंगाल, तिसरा प्रकार लोकांना माहीतच नाही. म्हणून मी तिसरा प्रकार सांगितला. म्हटलं, "शिकारीला जायचंय."

विनोद होता हो.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज आला, "ससा की तितर?"

ऐंशीच्या आसपासचे काका. पांढरा लेंगा, टोपी, मांडीवर छत्री. त्यांची काळी चोवीस इंची, डबल दांडीची सायकल शेजारी उलटी करून ठेवली होती, चाकं आकाशाकडं. दुकानातलं पोरगं त्यांचे ब्रेकचे रबर बदलत होतं. म्हणजे काकांना वेळ होता. भरपूर वेळ होता.

"तसं नाही ओ काका, कॅमेऱ्याची शिकार," मी म्हटलं. "फोटो काढायचे."

काकांनी थोडा विचार केला. "कॅमेऱ्यानं काय मरतंय ओ?" मग डोळा बारीक करून, मान हलवून म्हणाले, "असूद्या, असूद्या. बाहेर असंच सांगायचं असतंय."

इथून पुढं माझ्या हातात काही राहिलं नाही.

दुकानदारानं ४२ हजारांची एक सायकल पुढं काढली. ग्रॅव्हल म्हणतात तिला, म्हणजे खडी-मुरमाची. वजनाला हलकी, चाळीस मिलिमीटरचे टायर, डिस्क ब्रेक. मी हँडलवर हात ठेवणार तोच काका उठले आणि छत्रीच्या टोकानं हँडलला टोचलं. "हे मेंढ्याचं शिंग कशाला?"

"रेसिंगसारखं वाकून चालवायला," दुकानदार म्हणाला.

"वाका," काका मला म्हणाले.

मी वाकलो. का वाकलो ते अजून कळत नाही. पण ऐंशी वर्षांच्या माणसानं 'वाका' म्हटल्यावर सोलापुरात वाकतातच.

"पोट दांडीला टेकतंय. नेम कसा धरणार?" आणि त्यांनी छत्री माझ्या खांद्याला लावली. "धरा. डावा डोळा मिटा. पाय खाली टेकवा. आता बघा, सायकल कोण धरणार? ह्याला स्टँड कुठाय?"

"स्टँड वेगळं घ्यावं लागतं काका."

"आणि कॅरेज?"

"तेही वेगळं."

"मडगार्ड? घंटी?"

"वेगळंच."

"पायडल तरी हाय का?"

दुकानदार गप्प बसला. महागातल्या काही सायकलींना खरंच पायडल नसतं, ज्यानं त्यानं आपल्या आवडीचं बसवायचं. काका माझ्याकडं वळले. "म्हणजे ४२ हजारांत नुसती दांडी. आणि मारलेलं घरी आणायचं कशावर? डोक्यावर?"

याच वेळी शेजारी एक बाई मुलीसाठी गुलाबी सायकल बघत होत्या. त्यांनी मुलीला हळूच स्वतःकडं ओढून घेतलं. मुलगी सात-आठ वर्षांची. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "तुम्ही हरणाला मारणार?"

"नाही गं बाळा," मी म्हटलं. खांद्याला अजून छत्री लावलेलीच होती.

"मारत नसतील का," काका म्हणाले. "शिकारीला जाऊलालेत ते."

मी त्या मुलीला सांगणार होतो की वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मारलं तर तीन ते सात वर्षं तुरुंग आहे आणि मला झुरळसुद्धा मारता येत नाही, ते खातं घरी बायकोकडं आहे. पण तिची आई तिला घेऊन हेल्मेटच्या विभागात गेली. तो चेहरा मला अजून दिसतो. बाकी सगळ्याचं हसू येतं, त्याचं येत नाही.

खरं तर चूक माझी आणि इंटरनेटची मिळून आहे. आठवडाभर मी शोधत होतो की जनावराच्या जवळ जायला, आवाज न करणारी, खडीवर चालणारी सायकल कुठली. सगळा सल्ला निघाला अमेरिकेतल्या खऱ्या शिकाऱ्यांचा. तिकडं जंगलातल्या कित्येक वाटांवर मोटारीला बंदी असते, म्हणून लोक सायकलवर बंदूक बांधून जातात आणि मारलेलं हरीण मागं छोटी गाडी जोडून आणतात. मी बंदुकीच्या जागी कॅमेरा आणि हरणाच्या जागी शेंगाचटणी-भाकरीचा डबा घालून ते सगळं वाचून काढलं. पोपटी, भगवा असला रंग चालेल का याचीही चौकशी केली. हरणांना तांबडा-हिरवा फरक नीट कळत नाही म्हणे, तिकडचे शिकारी भडक नारिंगी जाकीट घालून फिरतात. एवढा अभ्यास करून दुकानात गेलो, आणि त्यातला एक मुद्दा असा नव्हता जो काकांनी स्टुलावर बसून, फुकटात, माझ्याआधी सांगितला नाही.

उदाहरणार्थ आवाज. काकांनी मागचं चाक उचलून फिरवायला लावलं. महागातलं फ्रीव्हील जोरात वाजतं, टर्रर्रर्र. काकांनी कान लावला. "हे तर रातकिड्यागत ओरडालंय. हरीण पार मार्डी गावापर्यंत पळंल." बरोबर होतं! पायडल मारणं थांबवलं की नेमकं जनावर जवळ असताना ते कर्र करून बोंबलणार.

मग काटे. "सराटा लागला की?"

"ट्यूबलेस आहे काका. ट्यूबच नाही. आत दूध भरलेलं असतं, भोक पडलं की ते जाऊन बसतं."

"कसलं दूध?"

"रबराचं."

काका बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं, हरले. मग हळूच म्हणाले, "आणि नासलं म्हणजे?" दुकानदारानं कबूल केलं की काही महिन्यांनी ते सुकतं, परत भरावं लागतं. काका माझ्याकडं बघून नुसते हसले.

शेवटचा घाव व्हॉल्व्हचा. या सायकलीला बारीक, लांबुडका, फ्रेंच पद्धतीचा व्हॉल्व्ह असतो. त्याला साधा पंप बसत नाही. "मार्डीत हवा कोण भरणार, तुमचा फ्रान्सचा पाव्हणा?" काकांनी विचारलं. दुकानातलं पोरगं फिसकन हसलं. त्या पोराला मी पाणी प्यायला सांगितलं होतं, त्यानं आणून दिलं नव्हतं, आणि वर हे.

माळढोकाचं अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, गावंच्या गावं आत. पुढं ते कमी करत १,२२२ वर आणलं. माझ्या खरेदीचंही तसंच झालं. ४२ हजारांवरून उतरत उतरत १८ हजारांवर आलो. सरळ हँडल, जाड टायर, आत साधी ट्यूब, साधा व्हॉल्व्ह. माझ्या उंचीची एकच शिल्लक होती, पोपटी. कॅरेज काकांनी स्वतः निवडलं. त्यावर बसून बघितलं. "पंधरा-वीस किलोचं जनावर आरामात येतंय," असं प्रमाणपत्र दिलं. निघताना दुकानदार म्हणाला, "पण शुगर एकदा तपासून घ्या सर."

रविवारी पहाटे पाचला निघालो. मुरमाच्या वाटांची एवढी तयारी केली होती, पण खरी खडी घरापासून बार्शी रस्त्यापर्यंतच भेटली. गेल्या वर्षी कशासाठी तरी खणलेला रस्ता बुजवताना त्यात जे काय टाकलंय त्याला मुरूम म्हणणं मुरमाचा अपमान आहे. पुढं उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर कर्ण्यावर गाणी, आणि सायकलवाल्याला बघितलं की जाणूनबुजून हॉर्न. दोनदा रस्त्याखाली उतरलो. रस्त्यावरनं सायकल चालवणाऱ्याची शिकार करायला मात्र या गावात कुठला परवाना लागत नाही.

नान्नजच्या पुढं गाडीवाटेला लागलो तेव्हा ऊन आलं होतं. आणि दिसली! सात काळविटं, एक काळाभोर नर, वळ्या-वळ्यांची शिंगं. मी पायडल थांबवलं. १८ हजारांचं फ्रीव्हील ४२ हजारांच्या मानानं हळू वाजतं, पण वाजतं. टर्रर्र. सात मानी वर. मी कॅमेरा काढेपर्यंत सात पांढरे ढुंगणठिपके उड्या मारत गेले. माझ्याकडं आता त्या ठिपक्यांचे अकरा फोटो आहेत.

परत येताना, अकराच्या उन्हात, दुकानासमोरूनच यावं लागलं. काका तिथंच स्टुलावर. त्यांची सायकल दुरुस्त होऊन उभी होती, तरी ते तिथंच. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. नजर थेट कॅरेजवर गेली. तिथं रिकामा डबा बांधलेला.

"काहीच नाही?"

फोटो दाखवावेत, कायदा सांगावा, १९७२ म्हणावं, असं सगळं ओठापर्यंत आलं. दुकानातलं पोरगंही काम थांबवून बघत होतं.

"वारं उलटं होतं ओ काका," मी म्हटलं. "वास गेला त्यांना."

काकांनी समजुतीनं मान डोलवली आणि पोराला म्हणाले, "ए बे, साहेबांना पाणी दे की."