डेसुल्टॉर आणि आपली कोल्हांटउडी

परवा माझ्या एका अहवालावर वरिष्ठांचा शेरा आला: 'डिसल्टरी'. म्हणजे विस्कळीत, धरसोडीचा. शेरा बरोबर होता की नाही ते सोडा (नव्हता!). रात्री शब्दकोश काढून बसलो, तर शब्दाच्या पोटातून चक्क एक घोडेस्वार निघाला.

लॅटिनमध्ये 'सालिरे' म्हणजे उडी मारणं. 'डेसिलिरे' म्हणजे खाली उडी टाकणं, आणि तसं करणारा तो 'डेसुल्टॉर'. (आपला रोजचा 'रिझल्ट' आणि 'इन्सल्ट' याच उडीचे नातेवाईक. माझ्या बाबतीत दोन्ही एकदम मिळाले.) रोमच्या सर्कसमध्ये, म्हणजे तंबूत नव्हे, रथांच्या शर्यतीच्या मैदानात, हा गडी दोन घोडे जोडीने पळवायचा आणि भरधाव असतानाच एकावरून दुसऱ्यावर झेपावायचा. रिकीब तेव्हा रोमनांकडे नव्हतीच, त्यामुळे पायाला आधार शून्य. मांड्यांची पकड आणि अंदाज, बस्स. डोक्यावर टोपी. कॅस्टर आणि पोलक्स या पुराणकथांतल्या जुळ्या भावांची ती खूण: स्वार एकच, पण दौडतो भावाच्याही वतीने. सीझरच्या खेळांत खानदानी घरातली पोरं हौसेने हे करायची.

रोमन इतिहासकार लिव्हीने तर रणांगणावरचं लिहून ठेवलंय. इ.स.पू. 215, स्पेन, रोमशी लढणाऱ्या कार्थेजच्या हॅनिबलच्या भावाची फौज. त्यातले काही न्युमिडियन (उत्तर आफ्रिकेतले) स्वार दोन-दोन घोडे घेऊन लढाईत उतरायचे आणि ऐन धुमश्चक्रीत, हत्यारांसकट, दमलेल्या घोड्यावरून ताज्या घोड्यावर जायचे.

याला विस्कळीत म्हणायचं? क्षणभर लक्ष हटलं तर खुरांखाली जाईल माणूस!

बदनामी केली ती बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी. रोमन कवी ओव्हिड प्रेयसीला पटवताना म्हणतो, मी प्रेमातला डेसुल्टॉर नाही. सीझरनंतरच्या रोमन यादवीत डेलियस नावाचा एक गृहस्थ एका पुढाऱ्याकडून दुसऱ्याकडे उड्या मारत राहिला: डोलाबेलाकडून कॅसियसकडे, तिथून अँटनीकडे आणि शेवटी ऑक्टेव्हियनकडे. मेसाला या रोमन वक्त्याने त्याला नाव ठेवलं, 'यादवी युद्धांचा डेसुल्टॉर'. टोमणा झकास आहे, पण डेलियसने जन्मात कधी घोडा बदलताना हाडं पणाला लावली होती का?

आपणही तेच केलं. कोल्हाट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जीव टांगून साधलेली उडी, आणि कोल्हांटउडी हा शब्द आपण वापरतो पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्यांसाठी. यांची उडी गादीवरून गादीवर!

अहवाल तसाच टेबलावर पडलाय. शेऱ्याच्या शेजारी मी पेन्सिलीने दोन घोडे काढलेत.