हिलॅरियस म्हणजे नक्की किती हसायचं?

हल्ली कुठल्याही ग्रुपवर कुणी जरासा विनोद टाकला की खाली पहिली प्रतिक्रिया ‘हिलॅरियस!’ आणि लगेच दुसरी ‘व्हेरी हिलॅरियस!!’ लिहिणाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेषही हललेली नसते, पैजेवर सांगतो.

मुळात ते ‘व्हेरी’च चुकतं. ‘फनी’ला ‘व्हेरी’ चालतं, कारण गंमत कमीजास्त असू शकते. ‘हिलॅरियस’ म्हणजे प्रचंड विनोदी, त्यात ‘खूप’ आधीच मुरलेलं आहे. म्हणून जोर द्यायचाच असेल तर इंग्रज ‘ॲब्सोल्यूटली हिलॅरियस’ म्हणतो.

आणि मजा बघा, हा शब्द जन्मतः असा दंगेखोर नव्हताच. ग्रीक ‘हिलारोस’ म्हणजे प्रसन्न, हसतमुख. लॅटिनमध्ये त्याचा ‘हिलारिस’ झाला. प्राचीन रोममध्ये २५ मार्चला ‘हिलारिया’ नावाचा उत्सव असे. ॲटिस या देवाचा शोक संपवून आनंद करायचा दिवस. आनंदाने देणारा देवाला आवडतो असं बायबलमध्ये पौल लिहितो, तिथेही मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द आहे. इ.स. ४६१ ते ४६८ या काळात तर हिलारियस नावाचे पोपच होऊन गेले. त्यांच्या नावाला तेव्हा कुणी खिदळत नसणार! एव्हरेस्टवाल्या हिलरींचं आडनावही याच कुळातलं.

अर्थ बदलला याबद्दल माझी तक्रार नाही, शब्द बदलायचेच. पण इंग्रजीत हसण्याच्याही पायऱ्या आहेत. गालातल्या गालात हसू आलं तर ‘अम्यूझिंग’, जरा तऱ्हेवाईक, मिश्कील काही असेल तर ‘ड्रोल’, आणि हसून मुरकुंडी वळली तरच ‘हिलॅरियस’. आपण थेट गच्चीवर उडी मारतो. मग खरोखर लोळून हसायची वेळ आली की हाताशी शब्दच उरत नाही, म्हणून रडक्या स्मायलींची रांग लावायची.

त्याहून वाईट म्हणजे ‘हिलॅरियस’चं ‘हास्यास्पद’ असं भाषांतर. अहो, हास्यास्पद म्हणजे हसं होण्याच्या लायकीचं! कौतुक केलेल्या नाटकाला मराठीत हास्यास्पद ठरवलंत तर निर्माता भांडायला येईल. खुसखुशीत म्हणा, धमाल म्हणा, ‘हसून हसून पोट दुखलं’ म्हणा. चार शब्द जास्त लागले तर लागू देत. आणि नुसतेच ओठ हलले असतील तर अंगठ्याचं बटण आहेच की.