आईची प्रार्थना आणि माझं हिब्रू

खानापूरच्या दादा, नमस्कार.

बायबल मुळातून वाचायला मी हिब्रू शिकतोय, त्यावर मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, म्हणून दोन दिवस उत्तर दिलं नाही. तुम्ही विचारलंत, ‘देवाला मराठी कळत नाही काय? आमच्या आईला सहीसुद्धा येत नव्हती, तरी तिची प्रार्थना पोचायची. हे हिब्रूचं खूळ म्हणजे नुसता शहाणपणा मिरवणं.’

आधी माझी चूक. हिब्रूतला ‘हित्पल्लेल’, म्हणजे प्रार्थना करणं, याचा मूळ अर्थ ‘स्वतःचा न्याय करणं’ असं मी ठोकून दिलं होतं. तसा अर्थ काढणारे आहेत. पण बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात अब्राहाम अबीमलेख राजासाठी प्रार्थना करतो, तिथं हाच शब्द आहे. तो तर दुसऱ्यासाठी रदबदली करतोय, स्वतःला कुठला तपासतोय? नवशिक्याला एक धातू सापडला की तो जिथंतिथं लावत सुटतो. तसं झालं माझं.

बाकीचं मात्र पटलं नाही. आपल्याकडं पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, कन्नडमध्ये येते. कुणीतरी मराठीत सांगतं, आपण मान डोलावतो. पण बांधाचा वाद निघाला की त्याच कागदावर बोट ठेवून ‘ह्यो शब्द काय ओ?’ म्हणून विचारतोच की! माझं हिब्रू तेवढंच. आणि सही न येणाऱ्यांचं म्हणाल, तर पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकल्या त्या साध्या बायाबापड्यांना कळेल असं मराठी बायबल करायला. १९२२ साली जाईपर्यंत केडगावात त्याच कामात होत्या.

बायबलमधलं स्तोत्र २३ घ्या. शेवटच्या वचनात कल्याण आणि दया आयुष्यभर ‘लाभतील’ असं आपण म्हणतो. लाभणं कसं, बसल्या जागी होतं. हिब्रूत उजवीकडून बोट सरकवत गेलो आणि ‘यिर्दफूनी’वर अडलो. धातू ‘रादफ’, पाठलाग करणं. बायबलमधल्याच निर्गम या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात मिसरचा राजा फारो रथ घेऊन इस्राएलांच्या मागं लागतो, तिथं हाच धातू. वैऱ्यानं पाठ धरावी तशी दया माणसाच्या मागं लागलीय! त्या रात्री पुढं वाचवलं नाही.

सकाळी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, “मग मी इतकी वर्सं काय सांगतोय? आपण पळालो तरी तो सोडत नाही.”

हा गुण तुम्हाला, दादा.

हित्पल्लेलची दुरुस्ती आज करतोय. जुनी ओळ पुसणार नाही, वर रेघ मारून ठेवीन. तुमच्या आईला कुठलं स्तोत्र तोंडपाठ होतं, तेवढं कळवा. पुढच्या वेळी तेच घेऊन बसतो.