ठोके नॉर्मल म्हणजे हार्ट ओके? नाही हो मामा

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आलाय, की पोटातल्या बाळाचे ठोके 110 ते 160 मध्ये असले की हार्टचं टेन्शन नाही, एनआयपीटी (आईच्या रक्तावरून होणारी बाळाच्या गुणसूत्रांची टेस्ट) केली की खानदानी आजारही कळतात, आणि आईबाप ठणठणीत असतील तर विषयच संपला. मामा, रागावू नका, पण तिन्ही चूक आहे.

आधी ठोके. लाँग क्यूटी हा आजार साधारण 2000 बाळांमागे एकाला असतो, हृदयाच्या पेशींमधले पोटॅशियम-सोडियमचे चॅनल बिघडलेले असतात म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला परत चार्ज व्हायला जास्त वेळ लागतो, आणि त्यातून ठोके अचानक बिघडून शुद्ध हरपू शकते, कधी जीवही जातो. सोनोग्राफीत हृदयाची हालचाल दिसते, करंट नाही, मग क्यूटी, म्हणजे ईसीजीवर दिसणारा हाच वेळ, मोजणार कशी? पोटावरून ईसीजी घ्यावा तर 28 व्या आठवड्याच्या आसपास बाळाच्या अंगावरचा पांढरा चिकट थर सिग्नल अडवतो. मॅग्नेटोकार्डिओग्राफीने (हृदयाच्या करंटचं चुंबकीय क्षेत्र टिपणारी तपासणी) मोजता येतं, पण तसली मशिनं जगात मोजकीच. मग हाती काय लागतं, तर ठोके जरासे कमी, म्हणजे 115-120, रिपोर्टवर नॉर्मलच, पण तेवढ्या आठवड्यांच्या इतर बाळांपेक्षा कमी. आणि आपल्याकडे ठोके कमी दिसले की लगेच कुजबुज, "मुलगा दिसतोय"! (ठोक्यांवरून तेही कळत नाही, तो वेगळाच फॉरवर्ड.)

एनआयपीटी मुख्यतः डाऊन सिंड्रोमसारखे गुणसूत्रं जास्त असण्याचे घोळ शोधते, लाँग क्यूटीसारखी एका जीनमधली चूक नेहमीच्या टेस्टमध्ये बघतच नाहीत. घरातल्या कुणाची चूक नेमकी माहीत असेल तर 15 आठवड्यांनंतर गर्भजल काढून तेवढी तपासता येते.

आता ठणठणीत आईबाप. त्यातल्या एकाकडे लाँग क्यूटीचा बिघडलेला जीन असूनही त्याला आयुष्यभर काही झालेलं नसू शकतं, आणि बाळाला मिळायची शक्यता मात्र निम्मी. म्हणून घरातल्या जुन्या गोष्टी आठवा, चांगलं पोहता येणारा काका विहिरीत बुडाला, आत्याला अलार्म वाजला की चक्कर यायची, कुणाला "फिट येते" म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या चालू होत्या. असं काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आईबापाचा साधा ईसीजी काढून घ्या, बाळाचाही जन्मल्यावर. आणि आईलाच लाँग क्यूटी निघाला तर गरोदरपणात उलटीसाठी सर्रास देतात ती ऑन्डानसेट्रॉनसुद्धा तिला चालत नाही, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला आधी माहीत पाहिजे ना.