माझ्या आईचं गं पोर

गेल्या २६ जानेवारीला गावातल्या कार्यक्रमात एका आठवीतल्या मुलीनं आमच्या घरातली ओवी म्हटली. ओवी मीच लिहून दिली होती, कौतुकानं. लिहून दिलेली अशी:

बसऱ्याच्या वाळूमंदी न्हाई बाभूळ न्हाई बोर
सावलीला कुठं बसंल माझ्या आईचं गं पोर

स्टेजवर ती अशी झाली:

बसऱ्याच्या वाळूमंदी लढला वीर घनघोर
देशासाठी धन्य झालं माझ्या आईचं गं पोर

टाळ्यांचा कडकडाट. मीही वाजवल्या, पोरगी गोड गायली होती. घरी येईपर्यंत मात्र डोकं भणभणत होतं.

ही ओवी माझ्या आजोबांच्या मावळणीची. मावळण म्हणजे आत्या, आमच्या सातारकडं हाच शब्द. तिचा थोरला भाऊ मराठा पलटणीतून पहिल्या महायुद्धात गेला आणि परत आला नाही. ती पुढं विधवा होऊन माहेरी आली, आणि पहाटे जात्याला समोर बसायची ती माझी आजी. ओव्या आजीकडं तिथून आल्या. गावात गिरणी आल्यावर जातं सुटलं, पण तांदूळ निवडताना आजी गुणगुणायची. मी एकदा त्या भावाचं नाव विचारलं, तर म्हणाली, "सासरच्या थोरल्याचं नाव घेत्यात व्हय?" नाव मग वडिलांकडून कळलं.

आता 'देशासाठी'चं बघू. तेव्हा शिपायाचा पगार होता महिना ११ रुपये. कोरडवाहू जमीन, तोंडं फार, भरतीवाले दारात, म्हणून पोरं गेली. आमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंग्यातून गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत, म्हणून त्या गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. लढाई इंग्रजांची, समोर तुर्क, जागा आजचा इराक, ओवीतला बसरा तिथलाच. वडील सांगायचे की मावळणीचा भाऊ तिथल्या कुत गावाला पडलेल्या तुर्कांच्या वेढ्यात होता. तिथं अडकलेली फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. जवळपास पाच महिने वेढा. खायला घोड्याचं मांस आलं, तर आपल्या कित्येक शिपायांनी धर्मापायी तेही नाकारलं. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० माणसांनी शरणागती पत्करली. पुढं कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्यात हजारो गेले.

त्यांचं शौर्य मी नाकारत नाही. उपाशीपोटी पाच महिने मोर्चा धरणं ही काय साधी गोष्ट आहे? पण मावळणीनं शौर्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. तिनं सावली विचारली. बाभूळ आणि बोर ही आमच्या बांधावरची झाडं, दुपारची भाकरी त्यांच्याखाली खायची. तिथं तसलं झाड नाही, हे तिला कळलं कुठून? कुणीतरी परत आलेला भेटला असणार आणि तिनं नेमकं हेच विचारलं असणार. (बसरा खरं तर खजुराच्या बागांसाठी नावाजलेला. पण आमच्या बायकांच्या लेखी तो सगळा मुलूखच बसरा, आणि खजूर बहुतेक मावळण सावलीच्या हिशेबात धरत नव्हती.)

बसऱ्याचं स्मारक १९२९ मध्ये उघडलं. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा ४०,००० हून अधिक जणांसाठी. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणीवार नुसता आकडा. या भेदभावाबद्दल ब्रिटिश सरकारनं माफी मागितली ती २०२१ मध्ये. तिकडं आकडा झाला, इकडं आपण 'वीर घनघोर' करून टाकला. घनघोर तर कुणीही असतो हो. आईचं पोर एकच असतं.

मला सांगितलं गेलं की मूळ ओवी "फार रडकी" वाटते, प्रजासत्ताक दिनाला शोभत नाही. मग दुसरं गाणं घ्या ना! देशभक्तीच्या गाण्यांचा काय दुष्काळ पडलाय? जात्यावर बसलेल्या बाईला पुढ्यात श्रोते नव्हते. सासू झोपलेली, अंधार, आणि समोर दुसरी बाई. तिथं जे निघालं त्याला स्टेजवर न्यायचं तर आहे तसं न्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, त्या बायकांच्या तोंडून आल्या तशा उतरवून घेतल्या. त्यांना दुरुस्त्या सुचल्या नसतील का?

मावळणीची आणखी एक ओवी आहे:

पंचिमीच्या सणाला गं गाड्या लागल्या दारी
माझा मुराळी राहिला समिंदराच्या पारी

नव्या पोरांसाठी सांगतो, सणाला बहिणीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. त्या मुलीनं परवा ही पण मागून नेली. दिली. आता ऑगस्टमध्ये 'समिंदराच्या' जागी काय येतं ते बघायचं.